पाठीमागची गाडी

रविवारी दुपारी बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहरातल्या आपल्या घरात नेवेना ऑनलाइन शर्यत खेळत होती. टेबलाला स्टिअरिंग आणि गिअरचा दांडा बसवलेला. शर्यत जुन्या, मरतुकड्या गाड्यांची. एक गिअर चुकला की मागचे चौघे पुढे.

तिच्या बंपरला चिकटून तिच्या मित्राची, डोब्रिनची गाडी होती. तो वार्नाहून खेळायचा आणि गिअर टाकताना नेहमी खडखडाट करायचा. आज मात्र हेडफोनमधून त्याच्या दांड्याचा आवाज अगदी सफाईदार येत होता. खट्. खट्.

"शिकलास की रे, गाढवा! क्लचवर पाय कधी बसला तुझा?"

हेडफोनमधून पुन्हा फक्त खट्. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला.

"नेवेना, मला सोडून सुरू केलीत होय?" डोब्रिन वैतागला होता. "इथे सकाळपासून वीज नाही गं!"

स्क्रीनवरच्या आरशात त्याची गाडी अजून तिच्या मागेच होती.

नेवेनाने हेडफोन ओरबाडून काढले. मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिची गाडी गवतात जाऊन बंद पडली.

खट्.

"बोलता बोलता गिअर कसले टाकतेस?" डोब्रिन म्हणाला. "इथपर्यंत ऐकू आलं."

आवाज तिच्या खुर्चीच्या मागून आला होता.