दुसऱ्या अंकातला पाळणा

"चोर आहेत हे लोक, अप्पा. शुद्ध चोर!"

शिवरंजनीने लॅपटॉप दारापुढच्या तिण्णैच्या ओट्यावर आपटला. शिकवणीची मुले नुकतीच पांगली होती. तिचे वडील गुरुमूर्ती पाटीवरचे गणित पुसत होते. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी गल्लीतल्या पोरांना शिकवल्याशिवाय त्यांना संध्याकाळची कॉफी गोड लागत नसे.

"अजून तें भांडण चालूच का गे?"

"चालूच राहणार."

इंटरनेटवरच्या विश्वकोशात शिवरंजनी आणि लीड्सची हेलन नऊ वर्षे मिळून लेख लिहीत होत्या. पगार नाही, मानधन नाही, हौस. विषय सव्वाशे वर्षांपूर्वीची लंडनची संगीत नाटके. हेलन जुनी वर्तमानपत्रे धुंडाळायची, शिवरंजनी कुंभकोणमला बसून जुन्या छापील स्वरलिप्या वाचायची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिले नव्हते. पण एकीचे वाक्य दुसरीने तपासल्याशिवाय पुढे जात नसे.

गेल्या आठवड्यात 'नवाबाची छत्री' या नाटकावरचा लेख हाती होता. हेलनने दुसऱ्या अंकातले एक गाणे पियानोवर वाजवून पाठवले. पहिली ओळ ऐकताच शिवरंजनीच्या अंगावर काटा आला. चाल तिची होती. 'नीज गे मैने, नीज गे' या तिच्या पाळण्याची.

ती पाळण्यात असतानाच तिची आई गेली. आईचा एक फोटो होता, त्यात चेहऱ्यावर नेमकी सावली पडलेली. आईचे म्हणून तिच्यापाशी होते ते एवढे गाणे, अप्पांच्या तोंडून आलेले.

आणि ते लंडनच्या रंगमंचावर! छत्र्या नाचवणाऱ्या पोरींच्या तोंडी!

तिने लेखात वाक्य घातले : ही चाल तंजावरकडच्या मराठी घरांतल्या पाळण्यावरून उचललेली आहे. हेलनने ते काढले. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, "संदर्भ?" शिवरंजनीने वाक्य परत घातले. हेलनने परत काढले आणि लेखाच्या चर्चापानावर लिहिले, "शिवा, छापील पुराव्याशिवाय काही लिहायचे नाही, हा नियम नव्या लोकांना तूच शिकवतेस."

शिवरंजनीचा तोल गेला. "आमच्या बायका पाळणे छापत नव्हत्या, म्हणत होत्या," तिने लिहिले. "तुमचे साहेब आले, त्यांनी ऐकले आणि खिशात घालून नेले. आता पावतीही आम्हीच दाखवायची? वाक्य राहील, नाहीतर मी राहणार नाही."

मग ती जवळच्या गोविंदपुरम्‌ला गेली. तिथे देवळात भजनाला येणाऱ्या मराठी म्हाताऱ्या बायकांना तिने पाळणा म्हणून दाखवला. एकीलाही तो ठाऊक नव्हता. शिवरंजनी आणखीच पेटली. नुसते चोरले नाही, आमच्यातून पुसूनही टाकले!

"म्हणून आता तुम्ही म्हणा, अप्पा," तिने फोन त्यांच्यापुढे धरला. "तुमचा आवाज त्या चर्चापानावर चढवते. ऐकू दे त्या बाईला, गाणे कोणाचे ते."

गुरुमूर्तींनी पाटी भिंतीला टेकवली. "आधीं त्यांचें तर ऐकूं."

तिने पियानो लावला. चाल उड्या मारत निघाली. गुरुमूर्ती मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांची बोटे गुडघ्यावर ताल धरू लागली आणि ते गाऊ लागले.

इंग्रजीत. ऊन फार झाले, छत्र्या उघडा ग पोरींनो, अशा अर्थाचे काहीतरी. शाळेत शिकवतात तसे एकेक अक्षर सुटे करून, ठणठणीत. दुसरे कडवेही त्यांनी न अडखळता म्हटले.

पियानोत शब्द नव्हते. ते फक्त शिवरंजनीकडच्या स्वरलिपीत होते.

"अप्पा, हे तुम्हाला कसे येते?"

"शाळेच्या कपाटांत इंग्रजी गाण्यांचें एक जुनें पुस्तक होतें. ॲन्युअल डेला बसवलेलें मीं हें. पोरांच्या हातीं कागदाच्या छत्र्या. तूं जन्मलीस, त्या वर्षीं."

"आणि पाळणा?"

गुरुमूर्तींनी खडूचे हात नेसत्या वेष्टीला पुसले.

"पाळणे तुझ्या आईस येत होते. बायकांचीं गाणीं तीं, आम्ही पुरुष कधीं शिकलों नाहीं. ती गेली आणि तूं ओरडत सुटलीस. कोणाच्या हातीं राहीनास. मज तेव्हां एवढेंच गाणें पाठ होतें. तेंच हळू केलें, आपले शब्द घातले."

"पण ते आईचे आहे म्हणून तुम्हीच..."

"मीं कुठें सांगितलें? तूंच विचारलेंस एकदां, आईचें का म्हणून. एवढीशी होतीस. माझ्यानें नाहीं म्हणवेना."

रस्त्यावरून एक सायकल घंटा वाजवत गेली. शिवरंजनीने लॅपटॉप जवळ ओढला.

चर्चापानावर हेलनचा निरोप होता. "जाऊ नकोस, शिवा. मद्रासच्या त्या काळच्या वर्तमानपत्रांची चळत काढून बसले आहे. तुझ्या पाळण्याचा पुरावा असेल तर मी शोधून काढीन."

शिवरंजनीने आपले वाक्य स्वतःच्या हाताने पुसले. कारणाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला. तिने एकदा अप्पांकडे पाहिले आणि लिहिले :

"चोर सापडला, हेलन. आमच्याच घरचा निघाला. त्याला माफ कर, मूल फार रडत होते."