सुतळी

पडदा उघडायला मिनिटभर उरलं असताना भिंगरी रंगमंचाच्या कडेची सुतळी उचकटत होती. तिची नजर विझत चालल्यापासून नाचाच्या बाईच ती चिकटपट्टीखाली ताणून बसवायच्या. तळव्याला टोचली की मागे फिरायचं. “अगं, डोकं ठिकाणावर आहे का?” बाई विंगेतून खेकसल्या. “बाई, कड मला पाठ झालीय, पण पाय नाचायचं सोडून हिलाच शोधत बसतात. आज मोठी उडी मारायचीय!” भेंडोळं तिने विंगेत बाईंकडे भिरकावलं. पडदा सरकला. भिंगरी गरगरत पुढे झेपावली, हवेत उडाली, कडेच्या वीतभर अलीकडे टेकली. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. धापा टाकत ती विंगेत आली. “सांगा, उडी कशी दिसली?” बाईंच्या मुठीत सुतळी घामेजली होती. “काय सांगू? भीतीने डोळेच मिटले होते!” भिंगरी खिदळली. “म्हणजे न बघता आपण दोघींनीही मारली की उडी!”