पावाचं विरजण

शकूने डबा पेल्यावर पालथा धरला आणि बोटाने तळ खरवडला. भुरकट पूड निघाली, जेमतेम अर्धा चमचा. डब्यात आता काही उरलं नव्हतं. पेल्यातल्या कोमट गुळपाण्यावर ती पूड तरंगत राहिली.

"झाला का गो?" ओट्यावरून सासूने विचारलं. धोंडूबाईचे दोन्ही डोळे जाऊन चार वर्षं झाली होती.

"झाला, आये."

"मंग आन हिकडं."

धोंडूबाईने पेला दोन्ही हातांत घेतला आणि कानाला लावला.

डबा राघोचा, शकूच्या नवऱ्याचा. तो लष्करी छावणीत पाव भाजायला होता. छावणी ब्रह्मदेशाकडे हलली, तेव्हा जाता जाता तो किन्हवलीला घरी आला आणि डबा शकूच्या हातात देऊन म्हणाला, "पावाचं विरजण हाय. मेलेलं नाय, नुसतं झोपलंय. कोरडं ठेव, गार ठेव, वला चमचा लावू नको. कधी वाटलंच, तर कोमट गुळपान्यात टाकून बघ. फेस आला, ताडीचा वास सुटला, का समज जित्तं हाय."

राघो पुडीबद्दल बोलत होता. पुढे सरकारी कागद आला, त्यात 'बेपत्ता' एवढाच शब्द होता, आणि धोंडूबाईने ते बोलणं राघोबद्दल धरलं. बेपत्ता माणसाचं घरच्यांनी काय करायचं, हे कागदात लिहिलेलं नव्हतं. म्हणून दर अमावास्येला अर्धा चमचा. शकूने डब्याचं झाकण मेणाने बंद करायचं, तो राखेच्या मडक्यात पुरून ठेवायचा, अमावास्येला उकरून काढायचा. पेल्यात फेस चुरचुरायचा आणि म्हातारी कान लावून हसायची. "बोलतोय," म्हणायची.

गेल्या पौषात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, पेला बोललाच नाही. धोंडूबाई दोन दिवस जेवली नाही. पुढच्या अमावास्येपासून शकू पुडीबरोबर चिमूटभर सोडा टाकू लागली आणि वरून लिंबू पिळू लागली. पेला लगेच चुरचुरायचा. म्हातारीचं ऐकून झालं की शकू तो परसात ओतून यायची.

आज तिने सोडा टाकला नव्हता. टोकावड्याच्या धाकलूचं स्थळ आलं होतं. बायको वारलेला, दोन एकर भाताचा, बोलायला मऊ. पाट लावायचा तर दिवाळीच्या आत सांगा, असं ओट्यावर बसून म्हणाला होता. शकू चोवीस वर्षांची होती. तिला राघो आठवायचा, पण त्याचा चेहरा आठवायला आता वेळ लागायचा. तिला जगायचं होतं, आणि याची तिला लाज वाटत होती.

आज सर्वपित्री. चुलीवर खीर शिजत होती. सासऱ्याच्या नावाचं पान निघणार होतं. राघोच्या नावाचं काढायचं की नाही, हे पेला सांगणार होता.

धोंडूबाईने पेला बराच वेळ कानाशी धरला. मग नाकाशी नेला.

"आज लिंबू नाय पिळलंस," ती म्हणाली.

"आये, तुला..."

"डोलं गेलं गो, नाक नाय गेलं. माघापासून लिंबाचा वास येतो. माजा राघो काय लिंबाचं झाड हाय?" तिने पेला पुढे केला. "तू माज्यासाठी करत व्हतीस, म्हनून मी बी ऐकत व्हती. आता पुरं झालं. त्याच्या नावाचं पान काढ. आन टोकावड्याला हो म्हनून कलव."

शकू ओक्साबोक्शी रडली. म्हातारी रडली नाही. तिने सुनेचे हात चाचपले, बांगड्या मोजल्यासारख्या एकेक करून पुढे ओढल्या आणि त्या उतरवल्या. शकूने पेला चुलीमागच्या कोनाड्यात ठेवला आणि डोळे पुसून वडे थापायला घेतले.

दुपार झाली. सासऱ्याचं पान छपरावर ठेवताच कावळ्याने नेलं. धोंडूबाई अंगणात बसून तोंड वर करून हाका मारू लागली. "ये रे राघो, ये. काव, काव. तुज्यासाठी खीर केलीया रं."

शकू राघोचं पान वाढायला आत आली. पानावर वडा ठेवला, खीर वाढली आणि मीठ घ्यायला कोनाड्याकडे वळली. तिथेच ती थांबली.

चुलीच्या उबेत पेला काठोकाठ भरला होता. पांढरा, जाड फेस काठावरून खाली उतरला होता, कोनाड्यातून ओघळून भिंतीच्या सारवणावर आला होता. अजून वर येत होता. शकूने त्यात बोट बुडवलं. तो ऊन लागला, अंगासारखा.

माघापासून सात वेळा तिने पेला परसात ओतला होता. एकदाही फेसाची वाट बघत थांबली नव्हती.

बाहेरची हाक बंद झाली.

"शकू," म्हातारी म्हणाली, "ताडीचा वास कुठून येतो गो?"

शकूने फेसावर वाटी पालथी घातली आणि ती हाताने दाबून धरली. हाताखाली वाटी हळूहळू वर उचलली जात होती.

"वाऱ्यावर येत आसल, आये," ती म्हणाली. "तू हाक मार."