पत्र्याचा साचा

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली येडशीचा वली वारला. त्याच्या दोन्ही बायका, सरदारबी आणि धाकटी बिबीजान, एकाच घरात राहत. पण एकमेकींशी बोलत नसत. पोटासाठी त्यांनी मेणबत्त्या करायला घेतल्या. एकीनं बांबूच्या नळीत वात ताणून धरायची, दुसरीनं कढत मेण ओतायचं. मग बोलावंच लागलं.

"वात सरळ धर," सरदारबी म्हणाली.

"धरलीया, आपा. जरा सावकाश ओता."

मेण संपलं तशी सरदारबी रेल्वेनं बार्शीला गेली. दुकानदारानं मेणासोबत पत्र्याचा साचा पुढं केला.

"ह्यात वात आपोआप ताठ राहते, बाई. दुसरं माणूस लागतच न्हाय."

सरदारबीनं साचा उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

"नुसतं मेणच द्या."