गुडघ्याखालची उशी

सिस्टरने पांघरूण बाजूला केलं आणि गुडघ्याखालची उशी ओढून काढली. सकाळपासूनची ही तिसरी वेळ.

"कोणी ठेवली?"

खाटेवरची बाई छताकडे बघू लागली. तिचा नवरा खिडकीकडे वळला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती एक भिंत होती, पण ती तो अगदी मन लावून बघत राहिला.

उशी साधीसुधी नव्हती. जन्मभर गाद्या-उशा भरणाऱ्या माणसाने बायकोच्या नव्या गुडघ्यासाठी ती मुद्दाम शिवली होती. हाताने पिंजलेला कापूस, मधोमध पायाच्या मापाची खोबण, कडेला दुहेरी टीप. दुखलं की खाली काहीतरी मऊ सारायचं, एवढंच त्याचं वैद्यक. आणि खरंच, उशी सारली की बायकोच्या कपाळावरची आठी जायची, तिचा डोळा लागायचा. मग ही सिस्टर यायची आणि सगळ्यावर पाणी फिरवायची. वॉर्डातले पेशंट तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणत. गादीवाला आता तोंडावर म्हणायच्या बेताला आला होता.

"काका, इकडे या. हे बघा." गुडघा आणि गादी यांच्या मधून सिस्टरची मूठ आरपार गेली. "ऑपरेशनला आठ दिवस झाले. एव्हाना हा पाय सपाट पडायला हवा होता. काल उभं केलं तेव्हा टाच जमिनीला टेकली का?"

"नाही. पण तिला दुखतं हो."

"दुखणारच. तुमच्या या लाडांनी गुडघा असाच आखडून बसेल. मग जन्मभर लंगडत चालतील काकू."

हे मात्र वर्मी लागलं. गादीवाल्याने उशी उचलून छातीशी धरली.

"मला तो पॉट नको आता," बायको छताकडे बघतच म्हणाली. "आठ दिवस पडद्याआड, दुसऱ्याच्या हातून सगळं. मेल्याहून मेल्यासारखं होतं. मला माझ्या पायांनी बाथरूममध्ये जायचंय. दुसरं काही मागत नाही मी."

"मग चला," सिस्टर म्हणाली. तिने आपला तळहात गुडघ्याखाली, गादीवर पालथा ठेवला. "माझा हात दाबायचा. मला तो ओढून काढता आला नाही, की उठायचं आणि चालायचं. निघाला, तर आजही पॉट."

बायकोने डोळे मिटून दाबलं. हात सहज निघाला. पुन्हा दाबलं. निघाला, पण जरा अडखळत. तिसऱ्या वेळी तिच्या कानशिलांवरून घाम ओघळला आणि तिने नवऱ्याकडे मान वळवली.

"द्या हो ती उशी. पाचच मिनिटं."

गादीवाला पुढे झाला. चौतीस वर्षांत त्याने तिला कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. तो वाकला, आणि वाकताच त्याची मापाला सरावलेली नजर फटीवर गेली. मघाशी मूठ जात होती. आता जेमतेम दोन बोटं. दोन बोटांसाठी कापूस घालायचा नसतो, शिलाई आवळायची असते, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

त्याने उशी कापडी पिशवीत कोंबली.

"नाही."

"काय म्हणालात?"

"नाही म्हणालो." त्याने पिशवी पाठीमागे धरली.

"चौतीस वर्षांत पहिल्यांदा 'नाही' सुचलं, ते आज? मी इथे मरतेय आणि हा माणूस..."

"मरू नकोस. दाब!"

तिने दाबलं. रागाने दाबलं, दात-ओठ खाऊन दाबलं. मांडी दगडासारखी घट्ट झाली, गुडघा खाली गेला, आणखी खाली गेला. सिस्टरने हात ओढला. आला नाही. अंगाचा जोर लावून ओढला. तरी आला नाही.

"काकू, सोडा आता. बोटं मोडाल माझी!"

"नाही सोडणार," ती नवऱ्याकडे डोळे वटारून म्हणाली, आणि मग तिचं तिलाच हसू फुटलं.

सिस्टरने तिला काठाशी बसवलं, समोर वॉकर ठेवला. ती उठली. गादीवाल्याने श्वास रोखून खाली बघितलं. टाच टेकली होती, अख्खीच्या अख्खी, फरशीला चिकटून.

आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला. सिस्टर कमरेशी हात धरून चालली, पण लावला एकदाही नाही. समोरच्या खाटेवरची, पायाला प्लास्टर घातलेली म्हातारी मोठ्याने पावलं मोजू लागली. "सात... आठ... अगं, खाली काय बघतेस, समोर बघ!" गादीवाला दोन्ही हात पसरून मागे मागे, जणू कोणी अंगावर पडणारच आहे. सोळाव्या पावलाला बाथरूमचा दरवाजा आला.

सिस्टरने आत जाऊन तिला नीट बसवलं, बाजूचा दांडा हातात दिला आणि बाहेर आली. "कडी नका लावू. मी इथेच आहे."

गादीवाल्याला धीर निघेना. त्याने दार किलकिलं करून डोकं आत घातलं. "अगं, मी धरू का?"

"अहो, तुम्ही आधी बाहेर व्हा!"

तिने बसल्या जागेवरून ढकललेलं दार धाडकन त्याच्या तोंडावर बंद झालं.

तो क्षणभर नाकाशी आलेल्या लाकडाकडे बघत राहिला. मग वॉर्डाकडे वळला. डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"हाकललं मला!" तो सगळ्या खाटांना ऐकू जाईल असं ओरडला. "बायकोने हाकललं!"