कोरी जागा

"जिथे तुम्ही जाळं टाकता, तिथे एक टाचणी लावा. तिथे आम्ही पवनचक्की उभारणार नाही. बस, इतकंच," नियोजन खात्याच्या बाई म्हणाल्या आणि लाल टाचण्यांची डबी त्यांनी टेबलावर ठेवली.

सभागृहात सगळे असे सावरून बसले, जणू बाईंनी प्रत्येकाकडे तिजोरीची किल्लीच मागितली होती. समोर समुद्राचा भलामोठा नकाशा, आणि खुर्च्यांवर बंदरातले झाडून सगळे मच्छीमार, बायकांसह. चांगला मासा कुठे लागतो, हे या बंदरात माणूस मरताना थोरल्या मुलाच्या कानात सांगतो. तेही तो मुलगा सासऱ्याशी फार बोलत नसेल तरच.

घुम्या मधल्या रांगेत बसला होता. हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं. दक्षिणेला, बुडालेल्या खडकाच्या कडेला त्याची एक जागा होती. तिच्या जिवावर त्याने घर बांधलं, मुली उजवल्या. पण जागेचा पत्ता बायकोलाही लागू दिला नाही. तो निघे उत्तरेला, दीपस्तंभाला वळसा घाली, मग बोटीवरचा दिवा मालवून गुपचूप दक्षिणेला येई. डिझेल जळायचं तेवढं जळो.

"चला, कोण येतंय आधी?"

घुम्याचा साडू उठला. साडू म्हणजे गोड बोलत बोलत दुसऱ्याच्या टोपलीत डोकावणारा माणूस. बंदराच्या तोंडाशी, जिथे गाळाशिवाय काही लागत नाही, तिथे त्याने टाचणी खोचली आणि सुस्कारा टाकला. "हेच आमचं पोट, बाई."

मग सगळ्यांनाच धीर आला. एकाने सांडपाण्याच्या नळाशी टाचणी लावली. एकाने तर घाईघाईत जमिनीवरच लावली.

"अहो, इथे पोस्ट ऑफिस आहे!"

"भरतीला पाणी येतं, बाई."

घुम्यानेही चेहरा पाडून दीपस्तंभाच्या पायथ्याशी टाचणी लावली आणि तो जागेवर येऊन बसला.

बाई दोन पावलं मागे सरकल्या. त्यांचा चेहरा उजळला. "वा! काय सहकार्य केलंत! सगळा किनारा लाल, आणि दक्षिणेला हा एवढा तुकडा कोरा करकरीत. मग पवनचक्क्या इथेच. कुणाची हरकत?"

त्यांचं बोट नेमकं बुडालेल्या खडकावर होतं.

हरकती मात्र भराभर आल्या.

"तिथे वारा पडलेला असतो, बाई."

"वारा आम्ही मोजलाय."

"तिथे देवमासे बाळंतपणाला येतात," साडू म्हणाला.

"जागा वाईट आहे," मागून कुणीतरी म्हणालं. "माझे आजोबा दिसतात तिथे. शिव्या देतात."

"बरं, पण मासेमारी करता का तिथे?"

"छे छे! तिथे कोण मरायला जातंय!" सगळे एका सुरात म्हणाले.

"मग प्रश्नच मिटला." बाईंनी टेबलावरची कागदी पवनचक्की उचलली.

घुम्याची बायको त्याच्या कानाशी लागली. "तुमच्या खडकावर तो पंखा गरगरायला लागला म्हणजे बोलणार का? थुंका ती मिठाची गुळणी!"

घुम्याने चमकून पाहिलं. "तुला काय ठाऊक?"

"झोपेत बरे घडाघडा बोलता!"

बाईंचा हात नकाशाजवळ पोचला होता. घुम्या उठला. खुर्च्यांना ठेचकाळत पुढे गेला आणि साऱ्या बंदरादेखत, साडूच्या नाकासमोर, त्याने डबीतून टाचणी काढली.

"थांबा, बाई. तिथे मी जातो. माझा बाप जायचा. माझी जागा आहे ती."

बापाची मनातल्या मनात माफी मागून त्याने टाचणी खोचली, डोळे मिटले आणि आता काय गलका होतो म्हणून वाट पाहू लागला.

साडू चष्मा सावरत पुढे वाकला.

"अरे, जरा डावीकडे."

"अजून थोडी," मागच्या खुर्च्यांवरून चारपाच जण एकदम म्हणाले.