दोन कप्प्यांचा ट्रेलर

शिकारीसाठी गाडीमागं जोडायचा घोड्यांचा ट्रेलर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी आतल्या खोलीतला बिछाना दाबून, शेगडी पेटवून बघतं, घोड्यांचे कप्पे मग. अमेरिकेत, वायोमिंगात इतकी वर्षं हेच विकतोय मी. म्हातारा ऑर्विल मात्र पसंतीसाठी आपली म्हातारी घोडी जुनिपर हिलाच घेऊन आला. “घोडं चढायलाच बिचकलं, तर डोंगरात तुझी शेगडी काय चाटायची?” त्यानं मला सुनावलं.

त्याचा मुलगा ट्रेंट दोन कप्प्यांच्या ट्रेलरपाशी थांबला. “बाबा, हिला यात चढवून बघा.”

ऑर्विल आधी स्वतः आत गेला आणि जिभेनं चकचक आवाज केला. जुनिपर जरा फुरफुरली, मग त्याच्या मागोमाग निमूट चढली.

“पसंत पडला हिला!” त्यानं तिची मान थोपटली. “पण तुझा घोडा, सूनबाईचा घोडा आणि ही. कप्पे तर दोनच आहेत रे.”

“दोनच लागणार आहेत.” ट्रेंटनं मागच्या दाराची कडी घातली. “आता उतरवू नका तिला. घोडेबाजारातला खाटीक संध्याकाळपर्यंतच थांबतो, आणि तुमच्याशिवाय ती कुणाच्या हातून चढते का?”